शॅमेलिऑनचे रंग दाखवणाऱ्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

शॅमेलिऑनचे, म्हणजे सरडगुहिऱ्याचे व्हिडिओ बनवणाऱ्या सगळ्यांसाठी हे पत्र आहे. तुमचं लाखो लोकांपर्यंत पोचणारं चॅनेल असो, की तुम्ही हौसेने मोबाइलवर दोन-चार रील टाकत असा, मला दोघांशीही तेच बोलायचं आहे. 'भारी आहे, बघाच' म्हणून हे व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्यांनीही पत्र वाचावं. तुम्ही पुढे पाठवता म्हणून ते बनतात.

या व्हिडिओंचे दोन प्रकार सतत डोळ्यांसमोर येतात. पहिल्यात रंगीत पेन्सिली ओळीने मांडलेल्या असतात. शॅमेलिऑन त्यांच्यावरून चालतो आणि ज्या पेन्सिलीवर पाय पडेल तिचा रंग त्याच्या अंगभर चढतो. पेन्सिलींच्या जागी कधी गॉगल असतात, कधी गोट्या. हे रंग संगणकावर भरलेले असतात. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून जास्त जाती आहेत आणि त्यांतली एकही असं करत नाही. बनवणाऱ्याला हे ठाऊक असतं, पाहणाऱ्या मुलाला नसतं. ते मूल पुढे आयुष्यभर हेच धरून चालतं की हा प्राणी ज्यावर बसेल तसा होतो.

दुसऱ्या प्रकारात काही भरलेलं नसतं, सगळं खरं असतं, आणि तोच मला जास्त खुपतो. कुणीतरी शॅमेलिऑनला मुठीत धरलेलं असतं. नाहीतर त्याच्यासमोर आरसा ठेवलेला असतो किंवा दुसरा नर आणून सोडलेला असतो. बघता बघता तो गडद होतो, अंग फुगवतो, तोंड वासतो, फुत्कारतो. खाली ओळ असते, 'बघा, कसा झटक्यात रंग बदलला!' आणि त्याखाली टाळ्या.

तो प्राणी त्या वेळी काय सांगत असतो हे आता बऱ्यापैकी कळलेलं आहे. ते एकदा नीट समजलं तर असा व्हिडिओ काढायला तुमचाच हात धजणार नाही, अशी माझी खात्री आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हा रंग येतो कुठून ते पाहू. शॅमेलिऑनच्या कातडीत पिवळ्या-लाल रंगद्रव्यांच्या पेशी असतात, मेलॅनिनच्या काळ्या पेशी असतात, आणि या पेशींमुळे काही रंग येतात हे खरंच आहे. पण निळ्याचं आणि हिरव्याचं गणित वेगळं आहे. जिनिव्हा विद्यापीठातल्या मिशेल मिलिन्कोविच यांच्या गटाने २०१५ मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनची कातडी तपासली तेव्हा तिच्यात ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांनी भरलेल्या पेशी दिसल्या. हे स्फटिक जाळीसारखे ओळीने रचलेले असतात. प्राणी निवांत असताना ते दाटीने बसलेले असतात आणि त्यांच्यावरून निळा प्रकाश परततो. वरच्या थरातल्या पिवळ्या द्रव्यातून येताना तो आपल्याला हिरवा दिसतो. समोर प्रतिस्पर्धी नर आला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि परतणारा प्रकाश पिवळ्या-नारिंगीकडे सरकतो. काही मिनिटांत हिरव्याचा पिवळा होतो आणि निळे पट्टे फिके पडतात. या पेशींच्या खाली आणखी मोठ्या स्फटिकांचा दुसरा थर असतो. तो सूर्याच्या अवरक्त किरणांचा बराच भाग परत फेकतो, म्हणजे अंग तापू देत नाही.

आता यात पेन्सिल कुठे आली? पायाखाली कोणता रंग आहे याचा या रचनेशी काही संबंध नाही. समोर कोण आहे, ऊन किती आहे, आपण घाबरलो आहोत की चिडलो आहोत, यावर स्फटिक हलतात आणि मेलॅनिन पसरतं किंवा गोळा होतं.

मग रंग बदलण्याची ही क्षमता वाढत गेली कशासाठी? लपण्यासाठी, असं बहुतेकांना वाटतं. डेव्ही स्टुअर्ट-फॉक्स आणि अदनान मुसाली या दोघांनी दक्षिण आफ्रिकेतल्या बुटक्या शॅमेलिऑनच्या अनेक जाती घेऊन हे तपासलं आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. लपणं हे मुख्य कारण असतं तर ज्या जाती नाना तऱ्हेच्या पार्श्वभूमींवर राहतात त्यांच्यात रंगबदल सर्वांत जास्त दिसायला हवा होता. तसं दिसलं नाही. ज्या जातींचे नर एकमेकांना सर्वांत ठळक खुणा करतात, त्याच रंग बदलण्यातही पुढे होत्या. म्हणजे ही क्षमता वाढली ती आपल्याच जातभाईंच्या नजरेत भरण्यासाठी. तुम्ही जे दाखवत आलात त्याच्या हे थेट उलट आहे.

येमेन आणि सौदी अरेबियातल्या, डोक्यावर उंच तुरा असलेल्या जातीवर झालेलं काम तर मला फारच महत्त्वाचं वाटतं. रसेल लिगॉन आणि केविन मॅकग्रॉ यांनी या जातीचे नर समोरासमोर आणले आणि त्यांच्या अंगावरच्या जागोजागच्या रंगांचं मोजमाप घेतलं. अंगावरचे पट्टे ज्याचे अधिक उजळ, तो पुढे चालून जाण्याची शक्यता जास्त. डोकं ज्याचं अधिक उजळतं आणि अधिक वेगाने उजळतं, तो जिंकण्याची शक्यता जास्त. आणि ज्याला माघार घ्यायची असते तो अंग गडद करतो. समोरच्याला कळतं की याने हार मानली, आता चावायची गरज नाही. बऱ्याचशा लढती अशा रंगांवरच मिटतात.

आता तुमचा तो मुठीतला शॅमेलिऑन आठवा. तो काळवंडतो ते याच अर्थाने घ्यायला हवं. हरलो, सोड, पुढे येऊ नकोस. त्याच्या जातीतला दुसरा नर हे ओळखून थांबला असता. आपण थांबत नाही. तो आणखी गडद व्हावा म्हणून आपण बोट आणखी जवळ नेतो आणि त्याचं चित्रीकरण करतो.

माद्यांच्या बाबतीतही तेच. अनेक जातींत पोटात अंडी धरलेली मादी नराला दुरूनच रंगाने नकार देते. पँथर शॅमेलिऑनची मादी अशा दिवसांत जवळजवळ काळी होते आणि अंगावर नारिंगी-गुलाबी पट्टे उमटतात. नर जवळ आलाच तर ती तोंड वासते, झुलते, अंगावर धावून जाते. 'बायकोचा राग' अशा मथळ्याखाली हे दृश्य फिरतं. एका पिंजऱ्यात दोघांना कोंडून ठेवलं की तिला दूर जायला जागाच उरत नाही, हे त्या मथळ्यात कुठेही नसतं.

एक पाय उचलून धरणं हीसुद्धा बऱ्याचदा बचावाची तयारी असते. तो तुम्हाला टाटा करत नसतो.

लपण्याचा मुद्दा मी पुरता निकालात काढत नाही, तसं केलं तर तेही अर्धसत्य होईल. दक्षिण आफ्रिकेतल्याच एका बुटक्या जातीला खोटा पक्षी आणि खोटा साप दाखवून पाहिलं तेव्हा पक्षी समोर असताना तिने पार्श्वभूमीशी जास्त चांगला मेळ साधला, सापासमोर त्याहून कमी. शत्रूची नजर किती तीक्ष्ण आहे त्यानुसार मेहनत घेतल्यासारखंच हे दिसतं. पण शॅमेलिऑनचं रोजचं लपणं रंग न बदलताच होतं. मूळ हिरवा-तपकिरी रंग, दोन्ही बाजूंनी चेपलेलं अंग, तासन्‌तास न हलणं. हलायचंच झालं तर वाऱ्यावर पान डुलावं तसं पुढे-मागे डुलत एकेक पाय टाकणं. आणि तुम्ही फांदीच्या या बाजूला गेलात की गुपचूप त्या बाजूला सरकणं. हे कधी कॅमेऱ्यात धरून दाखवा, ते खरोखर पाहण्यासारखं आहे.

नामिबच्या वाळवंटातला नामाक्वा शॅमेलिऑन तर रंग उन्हासाठी वापरतो. तिथे झाडंच विरळ, त्यामुळे तो जमिनीवर राहतो आणि गरज पडली की चांगला पळतोही. सकाळी गारठ्यात तो काळा होऊन ऊन शोषून घेतो आणि दुपारी वाळू भाजायला लागली की फिका करडा होतो. कधी उन्हाकडची बाजू काळी आणि दुसरी फिकी, असं एकाच अंगावर दोन रंगांतही दिसतो. अंगातलं जास्तीचं मीठ नाकपुडीजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकून पाणी वाचवतो. या एका जातीवर तुम्ही वर्षभराची मालिका करू शकाल.

थरारच हवा असेल तर जीभ आहे. तिच्यासाठी प्राण्याला त्रास द्यावा लागत नाही, वाट तेवढी पाहावी लागते. शिकार दिसली की बुरुजासारखे बाहेर आलेले, एरवी आपापल्या दिशेला फिरणारे दोन्ही डोळे एकाच ठिकाणी रोखले जातात. डोळ्याचं भिंग फोकस जुळवतं आणि त्यावरूनच अंतर कळतं. तोंड थोडं उघडतं, जीभ पुढे येते, क्षणभर थांबते आणि सुटते. ती निव्वळ स्नायूच्या जोरावर सुटत नाही. जिभेच्या आत एक निमुळतं हाड असतं, त्याभोवती कोलॅजन या चिवट प्रथिनाची आवरणं असतात आणि त्यांच्याभोवती स्नायू. स्नायू आधी ही आवरणं ताणून ठेवतो, धनुष्याची दोरी ओढून धरावी तशी, आणि हाडाच्या टोकावरून ती निसटली की साठलेली सगळी ताकद एकदम मोकळी होते. म्हणून गारठ्यातही, स्नायू मंदावलेले असताना, जीभ जवळपास त्याच वेगाने सुटते. मागे ओढताना मात्र गारठ्याचा परिणाम चांगलाच जाणवतो, कारण ते काम स्नायूंचं आहे. जिभेच्या टोकाचा चिकट द्रव माणसाच्या लाळेहून सुमारे ४०० पट दाट असतो, म्हणून आपल्या वजनाच्या जवळपास एक-तृतीयांश वजनाची शिकारही सुटत नाही.

ख्रिस्तोफर अँडरसन यांनी २०१६ मध्ये वीस जातींच्या जिभा मोजल्या, त्यांत सर्वांत जोरदार निघाली ती बोटभर लांबीच्या एका जातीची, ऱ्हॅम्फोलिऑन स्पिनोससची. तिच्या जिभेचं त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या २६४ पट भरलं आणि जीभ शरीराच्या अडीच पट लांब गेली. ही जात जगात फक्त एकाच ठिकाणी सापडते, टांझानियाच्या उसांबारा डोंगरांतल्या जंगलात.

उसांबाराचं नाव लक्षात ठेवा, कारण जानेवारी २०२१ मध्ये ते एका वेगळ्याच बातमीत आलं. व्हिएन्ना विमानतळावर एका प्रवाशाच्या सामानात ७४ शॅमेलिऑन सापडले. मोज्यांत आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत कोंबलेले. आठवड्याच्या पिल्लांपासून पूर्ण वाढलेल्यांपर्यंत सगळे त्यात होते, आणि ते उसांबाराच्या डोंगरांतले होते. तीन वाचले नाहीत. उरलेले शोनब्रुनच्या प्राणिसंग्रहालयात गेले. काळ्या बाजारात त्यांची किंमत ३७ हजार युरोच्या आसपास झाली असती, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. टांझानियाने जिवंत वन्यप्राण्यांच्या निर्यातीवर २०१६ मध्येच बंदी घातलेली होती.

हे प्राणी पकडणं किती सोपं आहे याची तुम्हाला कल्पना नसेल. शॅमेलिऑन दिवसा सापडत नाही, रात्री सापडतो. झोपताना तो फांदीच्या अगदी टोकाकडच्या बारीक काटकीवर जातो, कारण कुणी शत्रू तिथवर आला तर काटकी हलते आणि याला जाग येते. झोपेत त्याचा रंग उतरतो, बऱ्याच जाती फिकट पांढुरक्या दिसतात. शेपटीची गुंडाळी, डोळे मिटलेले, चारही पायांची बोटं काटकीभोवती आवळलेली. पुढच्या पायाची तीन बोटं आतून आणि दोन बाहेरून, मागच्या पायाची उलट. त्यावर बॅटरीचा झोत पडला की गडद पानांत तो फिका ठिपका लांबूनही उठून दिसतो. संशोधक याच पद्धतीने त्यांची मोजदाद करतात आणि चोरटेही याच पद्धतीने त्यांना तोडून नेतात. पळून जाण्याचा प्रश्नच नसतो. पालीसारखी शेपटी टाकून निसटणंही त्याला जमत नाही. त्याची शेपटी तुटत नाही आणि तुटलीच तर पुन्हा येत नाही.

तुमच्यातले काही जण अशा झोपलेल्या प्राण्याचा फोटो टाकताना खाली जागेचं नाव देतात, नकाशावरची खूणही देतात. कृपा करून हे थांबवा. अनेक जाती एकाच डोंगरावर, एकाच दरीत राहतात. तिथलं ठिकाण जाहीर करणं म्हणजे घराची किल्ली दारावर टांगून ठेवणंच झालं.

शॅमेलिऑनच्या जवळपास सगळ्या जाती आज साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे परवान्याशिवाय त्यांचा सीमेपलीकडे व्यापार करता येत नाही. एक काटेरी पानशॅमेलिऑन, ब्रूकेशिया पेरार्माटा, पहिल्या परिशिष्टात आहे. आफ्रिकेतले इवले पानशॅमेलिऑन बरीच वर्षं यादीबाहेर राहिले होते, ते २०१६ च्या जोहान्सबर्गच्या बैठकीत आत आले. भारतात आढळणारी एकमेव जात, कॅमेलिओ झेलॅनिकस, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तिला पकडणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा. कायदे आहेत, ते लागू व्हायला हवेत हे सांगायला माझी गरज नाही. मला बोलायचं आहे ते मागणीबद्दल, कारण ती तुमच्या पडद्यावर तयार होते.

हातावर बसलेला, बोटाला शेपटी गुंडाळलेला शॅमेलिऑन पाहून माणसाला पहिला विचार येतो, 'मला हा हवा.' तुमच्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया वाचा. 'कुठे मिळेल?' हा प्रश्न प्रत्येक वेळी असतो. त्याला उत्तर देणारेही असतात.

काही देशांत पँथर आणि तुरेवाल्या शॅमेलिऑनची बंदिवासात पैदास होते आणि ती कायदेशीर आहे. त्यामुळे रानातल्यांवरचा ताण कमी होतो, असं पैदास करणारे म्हणतात. या दोन जातींपुरतं मी ते मान्य करतो. पण पाहणाऱ्याला जात ओळखता येत नाही आणि हौशी माणसाचं समाधान सहज मिळणाऱ्या जातीवर होत नाही. त्याला दुर्मीळ हवी असते, आणि दुर्मीळ जात बहुतेक वेळा रानातूनच येते.

आणल्यावर तरी त्याचं काय होतं? भांड्यातल्या स्थिर पाण्याकडे बहुतेक शॅमेलिऑन ढुंकूनही पाहत नाहीत. ते पानांवरचे थेंब पितात, त्यामुळे भरल्या वाटीशेजारी तहानेने सुकतात. योग्य अतिनील प्रकाश मिळाला नाही की हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा सुटतो, जीभ नीट सुटत नाही. अंडी घालायला खोल माती मिळाली नाही तर मादी अंडी धरूनच मरते. शेजारच्या पिंजऱ्यात दुसरा शॅमेलिऑन दिसत असेल, किंवा काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसत असेल, तर तो दिवसभर न संपणाऱ्या लढतीत अडकतो. आणि हे सगळं होत असताना तो ओरडत नाही. फक्त रंग बदलतो, आणि घरातली माणसं त्याला खेळ समजतात.

कंटाळून त्याला बाहेर सोडणं हाही उपाय नाही. हवाईत १९७२ मध्ये व्यापारासाठी आणलेले काही तीन शिंगांचे जॅक्सन शॅमेलिऑन एका बागेतून निसटले. आज ते तिथल्या अनेक बेटांवर पसरलेत आणि जगात इतरत्र कुठेही नसलेल्या तिथल्या गोगलगायी खात आहेत. आफ्रिकेच्या डोंगरातला निरुपद्रवी प्राणी दुसऱ्या बेटावर संकट ठरला. दोष त्याचा नाही.

पण चोरटे आणि हौशी यांच्याहून मोठा घाव जंगलतोडीचा आहे, आणि त्याचे व्हिडिओ जवळजवळ कुणीच करत नाही. आफ्रिकेतल्या मलावीच्या दक्षिणेकडचा चॅपमनचा पानशॅमेलिऑन घ्या. लांबी जेमतेम साडेपाच सेंटिमीटर. वाळलेल्या पानात मिसळून जाणारा, दिखाऊ रंग नसलेला. १९९२ मध्ये त्याची शास्त्रात नोंद झाली तेव्हाच त्याचं जंगल शेतीखाली जात होतं, म्हणून १९९८ मध्ये ३७ जणांना सुमारे ९५ किलोमीटर उत्तरेला दुसऱ्या जंगलाच्या तुकड्यात नेऊन सोडलं गेलं. मूळ जंगलाचा १९८४ पासून सुमारे ८० टक्के भाग नाहीसा झाला. ही जात संपली असावी, अशी भीती होती. २०१६ मध्ये क्रिस्टल टॉली आणि त्यांचे सहकारी उरलेल्या तुकड्यांत रात्री बॅटऱ्या घेऊन फिरले आणि तो सापडला. जिवंत होता, पण निरनिराळ्या तुकड्यांत अडकलेला. मधलं उघडं शेत ओलांडून पलीकडच्या तुकड्यात जाणं या प्राण्याला जमत नाही. त्यांच्या जनुकांच्या तपासणीतही हेच दिसलं, की या तुकड्यांमधलं येणं-जाणं तुटलं आहे.

मादागास्करमध्ये जगातल्या निम्म्याच्या आसपास जाती आहेत. ६८-६९ सेंटिमीटरपर्यंत वाढणारे तिथेच आणि ब्रूकेशिया नाना हा बोटाच्या पेरावर मावणारा जीवही तिथलाच. २०२१ मध्ये त्याचं वर्णन झालं तेव्हा हाती फक्त एक नर आणि एक मादी होती. नराचं शरीर १३.५ मिलिमीटर, शेपटीसकट २१.६. नैऋत्य मादागास्करचा लाबोर्ड शॅमेलिऑन अंड्यात आठ-नऊ महिने काढतो आणि बाहेर आल्यावर जेमतेम चार-पाच महिने जगतो. पावसाळ्याच्या तोंडावर सगळे जवळपास एकदम जन्मतात, वाढतात, लढतात, जमिनीत अंडी घालतात आणि मरतात. कोरड्या महिन्यांत त्या रानात जमिनीच्या वर या जातीचा बहुधा एकही जिवंत प्राणी नसतो, सगळी पुढची पिढी मातीत असते. त्या दिवसांत कोळशासाठी झाडं तोडली, जमीन जाळली, तर कुणी मेलेलं दिसतही नाही. याउलट पार्सन शॅमेलिऑनची अंडी फुटायला वर्ष ते दोन वर्षं लागतात. पिढ्या इतक्या सावकाश येत असतील तर एकदा झालेली घट भरून निघायला किती काळ लागेल, याचा विचार करा.

सर्व जातींपैकी एक-तृतीयांशाहून अधिक आज धोक्यात आहेत. तुम्ही ज्या चार-पाच देखण्या जातींचे व्हिडिओ फिरवता त्या बहुतेक यात नाहीत. यात आहेत त्या लहान, मातकट, एकाच डोंगराला चिकटून असलेल्या. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि लक्ष वेधणं हेच तर तुमचं काम आहे.

म्हणून मागणं असं आहे. शॅमेलिऑनला हातात धरून, डिवचून, आरसा दाखवून चित्रण करू नका. दुसऱ्याने केलेलं वापरू नका. रानात चित्रण करा, दुरून करा, रात्री केलंत तर झोत क्षणभरच ठेवा आणि फांदी हलवू नका. ठिकाण सांगू नका. 'कुठे मिळेल' असं विचारणाऱ्याला तिथेच उत्तर द्या की हा विकत घ्यायचा प्राणी नाही. बागेतल्या लाल गळ्याच्या सरड्याला शॅमेलिऑन म्हणून दाखवू नका, तो वेगळ्या कुळातला आहे. शॅमेलिऑनला विष असतं, त्याचा फुत्कार लागला की माणूस मरतो, असल्या गोष्टी मथळ्यात चुकूनही घालू नका. एकाही शॅमेलिऑनला विष नसतं, आणि या समजुतीपायी लोक तो दिसताच दगड उचलतात. रस्ता ओलांडताना दिसला तर गाडी थांबवून त्याला जाऊ द्या. हलवणं भागच असेल तर त्याच्यापुढे एक काठी धरा, तो आपणहून चढेल. जिकडे निघाला होता त्याच बाजूच्या झुडपावर सोडा.

आणि जे व्हिडिओ आधीच टाकून झालेत त्यांचं काय? मुठीतले, आरशासमोरचे, झुंज लावलेले काढून टाका. पेन्सिलींवरचे काढवत नसतील तर वर्णनाच्या पहिल्याच ओळीत, सहज वाचता येईल असं लिहा, की हे रंग संगणकावर भरलेले आहेत आणि शॅमेलिऑन असा रंग बदलत नाही. मोबाइल हातात आहेच. पत्र वाचून झाल्यावर लगेच करता येईल.

आपला,
तुमचा एक प्रेक्षक